जुना संगणक पुन्हा रुजू करताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली, आणि शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील शाळांच्या संगणक-कक्षांत, पतसंस्थांत, वाचनालयांत, झेरॉक्सच्या दुकानांत व घराघरांत जे संगणक आजवर बिनतक्रार चाकरी बजावीत होते, त्यांच्यापैकी कित्येकांवर निवृत्तीचा हुकूम आपोआप लागू झाला. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, किमान ४ जीबी मेमरी लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा वा त्यानंतरचा, लागतो. या अटींत न बसणारे यंत्र कितीही धडधाकट असले तरी कंपनीच्या दप्तरी ते बाद होय. यंत्राचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांच्या प्रकृतीवर आणि धन्याच्या निगेवर अवलंबून असावे, दूरदेशीच्या एखाद्या कंपनीच्या वेळापत्रकावर अवलंबून नसावे, असे माझे ठाम मत आहे. आणि हे मत आपल्या गावातल्या गावात, माफक खर्चात, व्यवहारात कसे उतरविता येईल ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

उपाय असा, की विंडोजच्या जागी युनिक्सच्या कुळातील एखादी मोफत प्रणाली बसवावी. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला, आणि ज्या पीडीपी-७ यंत्रावर केन थॉम्पसन यांनी तिची पहिली मांडणी केली ते यंत्र त्या काळीही जुने होऊन बाजूला पडलेले, फारसे कोणी वापरत नसलेले असे होते. अपुऱ्या साधनांत नेमके काम उरकण्याची जी शिस्त या कुळात आजही दिसते तिचे मूळ काही अंशी या जन्मकथेत आहे. पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ प्रोसेसरच्या घरगुती संगणकावर लिनक्सचा गाभा रचला, आणि या दोहोंच्या संयोगातून ज्या अनेक प्रणाली निपजल्या त्यांतील डेबियन ही १९९३ पासून अव्याहत चालत आलेली प्रणाली आपल्या कामासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते. याच कुळाच्या दुसऱ्या शाखेत नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या प्रणाली आहेत. त्यांपैकी नेटबीएसडीचा विचार ओघाने पुढे येईल.

परंतु कोणी काय करावे हे सांगण्याआधी कोणी हे करू नये ते सांगणे अगत्याचे आहे. ज्या दुकानाचा वा पतसंस्थेचा सारा हिशेब टॅलीत आहे, ज्या केंद्रात बोटांचे ठसे घेणारी उपकरणे व डिजिटल स्वाक्षरीची टोकने दिवसभर वापरात असतात, अशा ठिकाणचा मुख्य संगणक बदलण्याच्या भरीस पडू नये. टॅली ही विंडोजसाठी घडविलेली आहे, आणि ठसे व स्वाक्षरीच्या उपकरणांसोबत मिळणारी सामग्रीही पुष्कळदा विंडोजसाठीच असते. याउलट ज्यांचे काम ब्राउझरमध्ये भागते, म्हणजे महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा पाहणे, शाळेची माहिती ऑनलाइन भरणे, पत्रव्यवहार, अर्ज, निकालपत्रके व वर्गणीच्या याद्या तयार करणे, पाठ्यपुस्तके वाचणे, त्यांना या स्थलांतरात काहीही गमवावे लागत नाही. ज्या कचेरीत दोन्ही प्रकारची कामे आहेत तिथे एक संगणक विंडोजचा राखून बाकीचे बदलावेत. सरसकट सर्व यंत्रे एका दिवशी बदलण्याचा उत्साह दाखवू नये.

दुसरी गोष्ट दप्तरी स्वरूपाची आहे, पण तिची हयगय केल्यास पुढे निष्कारण मनस्ताप होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला संगणक ही सरकारी मालमत्ता असते आणि तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे नेहमीच्या बोलीत डेडस्टॉक रजिस्टरात, असते. अशा यंत्राची डिस्क काढावयाची, मेमरी वाढवावयाची किंवा प्रणाली बदलावयाची, तर मुख्याध्यापकांची वा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्यावी, काढलेला भाग कुठे ठेवला त्याची नोंद करावी, आणि देणगीदाखल मिळालेला नवा भाग रीतसर जमा दाखवावा. जे यंत्र आधीच निर्लेखित झाले आहे त्याला मात्र ही अडचण नाही, आणि शिकण्यासाठी तेच सर्वांत उत्तम.

आता यंत्राकडे वळू. प्रणाली निवडण्याच्या आधी कॅबिनेटचे झाकण उघडून यंत्राची तपासणी करणे हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि बहुतेक लोक नेमका तोच गाळतात. घोड आणि भीमेच्या खोऱ्यातला हा मुलूख कमी पावसाचा. उन्हाळ्यात दारे-खिडक्यांतून येणारी धूळ पंख्यांत व हीटसिंकच्या पात्यांत पुटांपुटांनी बसते, आणि संगणक तापून मंद होतो किंवा मध्येच बंद पडतो, तेव्हा दोष प्रणालीच्या माथी मारला जातो. म्हणून वीजजोडणी काढून, यंत्र अंगणात नेऊन, ब्लोअरने व कोरड्या ब्रशने धूळ काढावी; पंखा हवेच्या झोताने गरगर फिरू न देता बोटाने धरून ठेवावा; प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून वाळलेली थर्मल पेस्ट पुसावी व नवी लावावी. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवरून साधा खोडरबर फिरविण्याचा जो उपाय आपल्याकडील प्रत्येक दुरुस्ती-कारागीर करतो तो खरोखरच गुणकारी आहे, मात्र रबराचा भुगा खाचेत पडू देऊ नये. मदरबोर्डावरील उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का, त्यांतून तपकिरी द्रव झिरपला आहे का, हेही पाहावे. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांत हा दोष पुढे उघडकीस आला होता, आणि असा बोर्ड आढळल्यास त्यावर पुढचा पैसा खर्च करू नये.

एका लहानशा वस्तूकडे विशेष लक्ष वेधतो. बोर्डावर नाण्याएवढी सीआर २०३२ जातीची बॅटरी असते. ती संपली म्हणजे प्रत्येक वेळी संगणक आपली तारीख विसरतो आणि कित्येक वर्षे मागे जाऊन बसतो. याचा परिणाम केवळ घड्याळापुरता राहत नाही, कारण सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेच्या आधारे पडताळली जातात. तारीख चुकली की ब्राउझर एकेक संकेतस्थळ नाकारू लागतो, आणि इंटरनेट बिघडले अशी समजूत होऊन लोक भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करीत बसतात. घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळणारी ही स्वस्त बॅटरी प्रथम बदलावी.

डिस्कविषयी माझा सल्ला निःसंदिग्ध आहे. जुनी फिरती हार्डडिस्क काढून तिच्या जागी १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी बसवावी; जुन्या बोर्डावर ती आपल्या पूर्ण वेगाने चालणार नाही, तरीही यंत्राच्या चालीत जो फरक पडतो तो दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही. यात आणखी एक लाभ आहे. काढलेली जुनी डिस्क, तिच्यावरील विंडोज व सर्व दस्तऐवजांसह, कागदात गुंडाळून, वर तारीख घालून कपाटात ठेवता येते, आणि नव्या प्रणालीत काही अडले तर ती परत जोडून पूर्वस्थितीवर येता येते. एकाच डिस्कवर दोन प्रणाली नांदविण्याचा जो प्रघात आहे त्यापेक्षा ही तजवीज अधिक सुरक्षित आहे. अर्थात छायाचित्रे व महत्त्वाची कागदपत्रे यांची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर घेणे हे कोणत्याही परिस्थितीत टाळू नये.

यानंतर मेमरी आणि प्रोसेसर. शाळांतून व कचेऱ्यांतून इंटेलच्या जी३१ आणि जी४१ चिपसेटचे बोर्ड अद्यापि पुष्कळ आढळतात; पैकी जी३१ बोर्ड जास्तीत जास्त ४ जीबी मेमरी स्वीकारतो व जी४१ बोर्ड ८ जीबीपर्यंत स्वीकारू शकतो. त्यांना लागणारी डीडीआर२ किंवा डीडीआर३ मेमरी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात जुन्या मालात शोधावी. घेताना आपल्या बोर्डाची जुनी पट्टी सोबत न्यावी, म्हणजे जातीचा घोटाळा होत नाही. नवी पट्टी बसविल्यावर मेमटेस्ट नावाची चाचणी एक रात्रभर चालू द्यावी. सदोष मेमरीवर बसविलेली प्रणाली वरवर नीट चालते आणि नेमक्या गरजेच्या दिवशी दगा देते.

प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा, या एका प्रश्नावर पुढचा सारा निर्णय अवलंबून आहे. २००६ च्या जुलैत आलेल्या कोअर २ ड्युओपासून पुढचे इंटेलचे बहुतेक प्रोसेसर ६४ बिटचे आहेत; परंतु २००८ च्या सुमारास निघालेल्या छोट्या नेटबुक संगणकांतला अ‍ॅटम एन२७० हा ३२ बिटचाच आहे, आणि पेंटियम ४ मध्ये दोन्ही प्रकार सापडतात. ६४ बिट आणि किमान २ जीबी मेमरी असेल, तर ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेली डेबियन १३ घ्यावी. ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. ३२ बिटच्या यंत्रांसाठी मात्र डेबियनचे दार आता लागले आहे. तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर ती नव्याने बसविता येत नाही, आणि बारावी हीच त्यांच्यासाठी अखेरची आवृत्ती ठरली. तिच्याच पायावर उभी असलेली अँटीएक्सची २३ वी आवृत्ती ५१२ एमबी मेमरीतही उभी राहते, आणि ३२ बिटच्या यंत्रासाठी मी तिचीच शिफारस करीन. पपी लिनक्स व टायनी कोअर यांची नावे वाचक ऐकून असतील; त्या अत्यंत हलक्या आहेत खऱ्या, पण त्यांच्या रीतीभाती इतरांहून निराळ्या असल्याने शाळेच्या वा कचेरीच्या रोजच्या राबत्यासाठी त्या गैरसोयीच्या पडतात. नेटबीएसडीची दहावी आवृत्ती २०२४ च्या मार्चमध्ये निघाली व ती फार जुन्या यंत्रांवरही चालते. ज्या विद्यार्थ्याला युनिक्स आतून कशी रचलेली असते हे समजून घ्यावयाचे आहे त्याने निर्लेखित पेंटियमवर ती अवश्य बसवावी, मात्र वाचनालयाच्या लिपिकाच्या पदरी ती टाकू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हलकी प्रणाली बसविली म्हणजे जुना संगणक नव्यासारखा धावेल, असे पुष्कळ ठिकाणी मोठ्या हौसेने सांगितले जाते. परंतु आजच्या संगणकावर खरा भार प्रणालीचा नसून ब्राउझरचा आहे. प्रणालीला तीनचारशे एमबी पुरत असले, तरी आजचे एखादे बँकेचे किंवा चलच्चित्रांचे पान उघडताच त्याहून अधिक मेमरी एकट्या त्या पानाला लागते, आणि यावर प्रणाली बदलून इलाज होत नाही. शिवाय गूगल क्रोमने ३२ बिटच्या लिनक्सला २०१६ मध्येच निरोप दिला आणि फायरफॉक्सनेही २०२५ च्या नोव्हेंबरात आलेल्या १४५ व्या आवृत्तीपासून तो मार्ग बंद केला. पेंटियम ३ सारख्या प्रोसेसरांत तर आजच्या ब्राउझरांना लागणारा एसएसई२ हा आज्ञासंचच नाही. सबब ३२ बिटच्या यंत्राला इंटरनेटच्या कामावर नेमू नये. त्याला टंकलेखन, छपाई, पुस्तकवाचन, गणिते व प्रोग्रामिंगचा सराव अशी घरातली कामे द्यावीत, ती ते अनेक वर्षे निष्ठेने करील. पैशाचे व्यवहार असल्या यंत्रावरून तर मुळीच करू नयेत.

प्रत्यक्ष स्थापनेची रीत फार कठीण नाही. डेबियनच्या संकेतस्थळावरून एक्सएफसीई मेजाची (म्हणजे डेस्कटॉपची) ‘लाइव्ह’ प्रत उतरवून घ्यावी, तिथे दिलेल्या पडताळणी-अंकांशी ती ताडून पाहावी, आणि चालू विंडोजवरच रूफस नावाच्या साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचे पूर्वीचे सर्व नष्ट होते, हे लक्षात असू द्यावे. नंतर संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडावा. फार जुन्या बोर्डांना पेनड्राइव्हवरून उठता येत नाही, तिथे तीच प्रत डीव्हीडीवर उतरवावी. लाइव्ह प्रतीचा गुण हा, की डिस्कला हात न लावता सारी प्रणाली आधी पारखता येते. पडदा नीट दिसतो का, आवाज येतो का, वाय-फाय सापडते का, छपाईयंत्र ओळखले जाते का, हे सर्व या अवस्थेत, घाई न करता, पाहून घ्यावे. जे येथे चालत नाही ते स्थापनेनंतर आपोआप चालू लागेल अशी आशा धरू नये. पडदा काळाच राहिला तर आरंभीच्या सूचीत ‘नोमोडसेट’ हा पर्याय देऊन पुन्हा प्रयत्न करावा. गावात तारेचे इंटरनेट नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग चालू करावे. लिनक्स त्याला सरळ जाळ्याची तार समजते, वाय-फायची कटकट मुळातच उरत नाही.

लाइव्ह प्रतीऐवजी नेहमीचा स्थापक वापरलात, तर दोन ठिकाणी सावध राहावे. मेजाची निवड विचारली जाते तेव्हा काही न निवडल्यास ग्नोम हे भारी मेज बसते. म्हणून त्याची खूण काढून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांच्यावर खूण करावी. आणि ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा सांकेतिक शब्द विचारला जातो ती जागा कोरी सोडावी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या खात्यालाच गरजेपुरता अखत्यार मिळतो व दुसरा शब्द लक्षात ठेवण्याचा प्रसंग येत नाही. विद्यार्थ्यांसाठी मात्र निराळे, विनाअखत्यार खाते उघडावे. युनिक्सच्या कुळाचा हा मोठा गुण आहे, की एका खात्यातल्या मुलाने काहीही उलटेपालटे केले तरी प्रणालीच्या मुळाला धक्का लागत नाही. ते खाते पुसून नवे करणे हे दोन मिनिटांचे काम असते. २ जीबीच्या यंत्रावर झेडरॅम ही सोयही चालू करावी. ती मेमरीतला मजकूर दाबून बसविते आणि थोड्या जागेत अधिक काम भागविते.

मराठीची व्यवस्था पहिल्याच दिवशी लावावी. ती लांबणीवर टाकली की लोक रोमन लिपीत मराठी लिहू लागतात आणि मग ती सवय सुटत नाही. देवनागरीसाठी लोहित हा खुला टंक आणि मुक्तासारखे इतर सुंदर टंक मोफत मिळतात. लोहितच्या जोपासनेत रेड हॅट कंपनीच्या पुणे कार्यालयातील मंडळींचा मोठा वाटा आहे. लिहिण्यासाठी आयबस आणि त्याच्या जोडीचा एम१७एन संच बसविला, की इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन पद्धतीची टंकलेखन-मांडणी आणि उच्चारानुसारी मांडणी असे पर्याय हाती येतात. ज्यांनी टंकलेखनाची परीक्षा जुन्या मांडणीवर दिली आहे त्यांनी तीच ठेवावी. नव्याने शिकणाऱ्या मुलांना मात्र इनस्क्रिप्टच शिकवावी, कारण ती भारत सरकारने प्रमाण मानलेली, सर्व प्रणालींवर सारखी असणारी मांडणी आहे. दौंड तालुक्याला पदोपदी लागणारा ‘गुऱ्हाळ’ हा शब्द घ्या: त्यातला अर्धा ‘ऱ’ कसा काढावा या प्रश्नावर कित्येक टंकलेखक अडतात, पण इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग ‘ह’ची कळ, एवढ्याने तो निर्दोष उमटतो, आणि ‘ळ’ शिफ्टसह एन या कळेवर आहे. याच तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनी मराठी बायबलासाठी हाताने खिळे जुळविले आणि ते भाषांतर रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्या भूमीत अक्षरजुळणीची अशी परंपरा आहे तिथल्या शाळांनी मराठी टंकलेखनाची हेळसांड करू नये, एवढे आवर्जून सांगावेसे वाटते.

जुन्या दस्तऐवजांचा प्रश्न याहून बिकट आहे. युनिकोड येण्यापूर्वी श्री-लिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा निरनिराळ्या टंकांत लिहिलेली पत्रे, ठराव व प्रश्नपत्रिका आपल्याकडे ढिगांनी आहेत, आणि तो टंक नसलेल्या यंत्रावर ती उघडली तर निरर्थक अक्षरांचा समूह दिसतो. म्हणून विंडोज चालू असतानाच प्रत्येक महत्त्वाच्या दस्तऐवजाची पीडीएफ प्रत करून ठेवावी, आणि जो मजकूर पुढे पुन्हा वापरावयाचा आहे तो परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून डोळ्यांखालून घालावा. परिवर्तक जोडाक्षरांत व रफारांत चुका करतात. हे कष्टाचे काम आहे खरे, परंतु प्रणाली बदला वा न बदला, ते कधीतरी करावेच लागणार आहे.

छपाईयंत्राविषयी थोडक्यात. एचपीची बहुतेक यंत्रे एचपीलिप या संचाने चालतात, लेझरजेट १०२० ला मात्र एक जादा जोडभाग इंटरनेटवरून उतरवून द्यावा लागतो. एप्सन व टीव्हीएसची ठिपक्यांची यंत्रे सहसा त्रास देत नाहीत. आपल्याकडे घरोघरी दिसणारे कॅननचे एलबीपी २९०० हे यंत्र मात्र हट्टी आहे. त्याची कॅप्ट ही खासगी भाषा असल्याने ते बसविणे नवशिक्याचे काम नव्हे, आणि ज्याचा धंदाच या यंत्रावर आहे त्याने त्यासाठी विंडोजचा एक संगणक राखावा हे बरे.

शाळांसाठी स्वतंत्रपणे लिहिणे मला महत्त्वाचे वाटते. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या लहानशा गावी ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील प्रयोग सुरू झाला, तेव्हा मुलांच्या हाती आलेल्या त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि अवघी २५६ एमबी मेमरी होती, आणि त्यावर चालत होती ती फेडोरा लिनक्सच्या पायावर रचलेली शुगर ही प्रणाली. ग्रामीण मराठी शाळेत लिनक्स चालेल काय, या शंकेला इतक्या वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेले आहे. आणि आज शाळेच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला कोअर २ ड्युओ त्या यंत्राच्या कितीतरी पट समर्थ आहे. इंटरनेट नसलेल्या शाळेने किविक्स हे साधन अवश्य बसवावे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्याच्या योगे संपूर्णपणे डिस्कवर ठेवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपाने जोडीला ठेवावीत. शिक्षकांना स्वतः शिकावयाचे असेल, तर मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठी निवेदनासह मोफत मिळतात. आणि यंत्र उघडण्याचे, धूळ काढण्याचे, मेमरी बसविण्याचे काम शक्यतो आठवी-नववीच्या मुलामुलींकडून, आपल्या देखरेखीखाली, करवून घ्यावे. शिरूर तालुक्यातच पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापन करून हाताने काम करता करता शिकण्याची पद्धत प्रत्यक्षात आणून दाखविली. ती पद्धत संगणकाला लावावयाची तर बंद कॅबिनेटसमोर बसवून होणार नाही, झाकण काढावेच लागेल.

देखभालीचे नियम मोजके आहेत. आठवड्यातून एकदा प्रणाली अद्ययावत करावी. वीज गेली की लगेच यंत्र बंद होऊ नये म्हणून यूपीएसची बॅटरी सुस्थितीत ठेवावी. लिनक्सची नोंद-पद्धत अकस्मात वीज जाण्याने होणारे नुकसान बरेचसे सावरून घेते, परंतु भारनियमनाच्या दिवसांत तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. विजेच्या खर्चाचाही हिशेब करावा. पेंटियम डी जातीचे काही प्रोसेसर एकटेच १३० वॉटपर्यंत उष्णता टाकतात, तर कोअर २ ड्युओ साधारण ६५ वॉटमध्ये त्याहून अधिक काम करतो. म्हणून दिवसभर चालू ठेवावयाच्या कामासाठी पेंटियम ४ किंवा पेंटियम डी वाचविण्याचा हट्ट धरू नये. ज्या यंत्राची दुरुस्ती खरोखरच परवडत नाही ते भंगारवाल्याच्या गाडीवर न टाकता, डिस्कवरील माहिती पुसून, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावे. काचेच्या जुन्या मॉनिटरात शिसे असते, आणि ते घोडनदीच्या किंवा भीमेच्या काठी फोडले जाणे कोणाच्याच हिताचे नाही.

शिरूर आणि दौंड येथील मुख्याध्यापकांना, ग्रंथपालांना आणि संगणक-कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की येत्या सुट्टीत कक्षातील एकच यंत्र निवडावे, त्याची जुनी डिस्क कपाटात ठेवावी, नवी बसवावी आणि महिनाभर त्याच यंत्रावर आपले रोजचे काम करून पाहावे; समाधान झाले तरच दुसऱ्याला हात घालावा. डेबियन १३ ची दीर्घकालीन देखभाल ३० जून २०३० पर्यंत चालणार आहे, आणि तिच्यासाठी कोणालाही एक रुपयाही द्यावा लागत नाही.